कलम ६५ चे जीएसटी ऑडिट: फाईल हातात आल्यापासून एडीटी-०२ पर्यंत

कलम ६५ खाली करदात्याचे हिशोब तपासणाऱ्या जीएसटी ऑडिट शाखेत नव्याने आलेले बहुतेक सहकारी एकाच ठिकाणी घसरतात. नफा-तोटा पत्रकातला आकडा आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) मधला आकडा शेजारी ठेवायचा, वजाबाकी करायची, येईल त्या रकमेवर १८ टक्के लावायचे आणि आक्षेप तयार. असा आक्षेप करदात्याच्या सीएपुढे दहा मिनिटेही टिकत नाही. मीही सुरुवातीला हेच केले आहे. एका फाईलमध्ये मोठ्या तोऱ्याने लिहिलेला पॅरा (लेखी आक्षेप) करदात्याने आणलेल्या एकाच कागदाने गळून पडला होता. तो कागद मी मागवलाच नव्हता.

तफावत हा ऑडिटमध्ये फक्त एक प्रश्न असतो. तो कोणत्या क्रमाने विचारायचा आणि उत्तर कुठल्या कागदात शोधायचे, ते, ऑडिटचे निष्कर्ष कळवणाऱ्या एडीटी-०२ या नमुन्यापर्यंत, पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो. हा क्रम राज्यकर विभागातल्या आणि केंद्रीय जीएसटीतल्या अशा दोन्हीकडच्या लोकांना चालेल. दोन्हीकडे कायद्यातल्या मुदती आणि नमुने तेच आहेत, मंजुरीची साखळी तेवढी वेगळी.

टप्पा १: आकड्यांना हात लावण्याआधी मुदत आणि आधीची कारवाई पाहा

फाईल मिळाली की पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: कोणते आर्थिक वर्ष, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत कधी होती, आणि मागणीची नोटीस कधीपर्यंत निघाली पाहिजे.

उदाहरणार्थ २०२३-२४ घ्या. जीएसटीआर-९ ची, म्हणजे वार्षिक विवरणपत्राची, मुदत ३१ डिसेंबर २०२४. कलम ७३ खालचा (फसवणूक नसलेल्या प्रकरणातला) मागणीचा आदेश त्या तारखेपासून तीन वर्षांत व्हावा लागतो आणि नोटीस त्याच्या किमान तीन महिने आधी निघावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. २०२४-२५ पासून पुढच्या वर्षांना कलम ७३ आणि ७४ (फसवणुकीची प्रकरणे) ऐवजी ७४ए लागू होते. तिथे नोटिशीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ४२ महिने मिळतात. ऑडिट दोन-तीन वर्षांचे एकत्र असेल तर प्रत्येक वर्षाची तारीख वेगळी काढा. सगळ्या वर्षांना मिळून एक मुदत नसते, आणि सर्वांत जुने वर्ष सर्वांत आधी हातातून जाते.

मग पोर्टलवर आधीची कारवाई शोधा. त्याच वर्षासाठी कलम ६१ (विवरणपत्रांची छाननी) खाली एएसएमटी-१० ही विसंगती कळवणारी नोटीस निघाली होती का? उत्तर मान्य होऊन एएसएमटी-१२ ने विषय बंद झाला का? दुसऱ्या यंत्रणेने, म्हणजे केंद्राने किंवा राज्याने, त्याच विषयावर कारवाई सुरू केली आहे का? बंद झालेला मुद्दा नव्या पुराव्याशिवाय पुन्हा उकरला तर फाईल अपिलात उलटते.

तपासा: त्याच पॅनवर किती नोंदण्या आहेत? ताळेबंद पॅनचा असतो आणि ऑडिट एका जीएसटीआयएनचे, म्हणजे एका नोंदणी क्रमांकाचे. कंपनीच्या पुण्यातल्या नोंदणीचे ऑडिट करताना देशभराची उलाढाल तुलनेला घेणे ही चूक इतकी नेहमीची आहे की मी प्रत्येक फाईलच्या आवरणावर नोंदण्यांची संख्या पेन्सिलने लिहून ठेवतो.

टप्पा २: डेस्क रिव्ह्यू, म्हणजे करदात्याला एक ओळही न लिहिता होणारे काम

अर्धे ऑडिट इथेच होते. जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), ३बी, २बी (पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांवरची आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट), ९ आणि ९सी (वार्षिक ताळमेळ), ई-वे बिलांची (मालवाहतुकीच्या ऑनलाइन पासांची) यादी, तिन्ही इलेक्ट्रॉनिक लेजर (रोख, क्रेडिट आणि देयता), टीडीएस कापला गेला असल्यास त्याची माहिती, आणि उपलब्ध असल्यास आर्थिक पत्रके हे सगळे उतरवून घ्या. प्रत्येक फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख टाका. २ए, म्हणजे पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांची दुसरी यादी, बदलत राहते आणि २बी गोठलेली असते. सहा महिन्यांनी कोणी विचारले की हा आकडा कुठून आला, तर तारखेशिवाय तुमच्याकडे उत्तर नसेल.

९सी असेल तर ती आधी वाचा. पाच कोटींवरच्या करदात्याने स्वतःच उलाढालीचा ताळमेळ त्यात मांडलेला असतो. न जुळलेला फरक आणि त्याची कारणेही तिथेच सापडतात. ती न वाचता तोच फरक नव्याने शोधून काढणारे लोक मी पाहिले आहेत. आठवडा गेला आणि हाती आले ते करदात्याने आधीच सांगितलेले.

ई-वे बिलांची नुसती बेरीज करून तिला विक्री म्हणू नका. जॉबवर्कला पाठवलेला माल, शाखेत हलवलेला माल, परत आलेला माल, रद्द झालेली बिले असे सगळे त्यात असते. आधी व्यवहाराच्या प्रकारानुसार गाळणी लावा, मग तुलना करा.

सावध: या टप्प्यावर कुठेही ‘करचुकवेगिरी’ हा शब्द लिहू नका. वर्किंग पेपरमध्ये ‘स्पष्टीकरण आवश्यक’ एवढेच लिहा. हे कागद पुढे अपिलातही वाचले जातात.

टप्पा ३: आधी प्रश्न, मग कागदांची यादी

नवीन माणूस छापील यादी उचलतो आणि सगळी खातेवही, सगळी बिले, सगळी बँक विवरणे मागवतो. मग खोके येतात आणि कोणीच ते उघडत नाही. उलटे करा. डेस्क रिव्ह्यूमधून निघालेले प्रश्न एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो सोडवणारा कागद लिहा. ‘इतर उत्पन्न अचानक वाढले’ या प्रश्नासमोर ‘इतर उत्पन्नाच्या गटातली लेजर’. ‘वाहतूक खर्च आहे, पण रिव्हर्स चार्ज (सेवा घेणाऱ्याने भरायचा कर) शून्य’ यासमोर ‘वाहतूक खर्चाचे लेजर आणि पाच मोठ्या वाहतूकदारांची बिले’.

ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, मात्र नेहमी मागवा, आणि गट करून लहान केलेला नको, प्रत्येक खात्याचा हवा. ताळेबंदात जे एका ओळीत मिटते ते तिथे तीस ओळींत दिसते.

नमुना निवडताना रक्कम एवढाच निकष ठेवू नका. मार्चची बिले, पूर्ण गोल आकड्यांची बिले, नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादारांची बिले आणि पहिल्यांदाच दिसणारे पुरवठादार ही चार टोपल्यांतली बिले मी हमखास घेतो. निवड कशी केली ते ऑडिट प्लॅनमध्ये लिहून वरिष्ठांची मंजुरी घ्या. मंजूर प्लॅनबाहेरचा मुद्दा पुढे सापडला तर तो घेता येतोच, पण का घेतला याची एक ओळ लागते.

टप्पा ४: एडीटी-०१ आणि दिवसांची मोजणी

ऑडिट सुरू करण्यापूर्वी किमान १५ कामकाजाचे दिवस आधी एडीटी-०१ ही नोटीस द्यावी लागते. शब्द ‘कामकाजाचे’ असा आहे. कॅलेंडरवरचे १५ दिवस मोजून भेटीची तारीख दिली आणि मध्ये दिवाळी आली, तर नोटीस पहिल्याच पायरीवर अधू होते. सुट्ट्यांची यादी समोर ठेवून मोजा आणि वर दोन दिवस सोडा.

ऑडिट सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपवायचे असते. आयुक्त कारणे नोंदवून आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतात. सुरुवातीची तारीख कोणती, इथे गोंधळ होतो. मागवलेले कागद मिळाल्याचा दिवस आणि व्यवसायाच्या जागी प्रत्यक्ष ऑडिट सुरू झाल्याचा दिवस, यांतला जो नंतरचा तो धरायचा. म्हणून कागद तुकड्यातुकड्याने येत असतील तर काय, कधी, कोणाकडून मिळाले याची तारीखवार नोंदवही ठेवा. मुदतीवरचा वाद नेहमी या एका पानावर मिटतो किंवा चिघळतो.

मुदतवाढ लागणार असे वाटले तर प्रस्ताव तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. शेवटच्या दिवशी पाठवलेला प्रस्ताव टेबलावरच राहतो.

टप्पा ५: करदात्याच्या जागेवर

हा टप्पा लोकांना फार मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो छोटा असतो. व्यवसाय काय चालतो, माल कुठून येतो, कुठे जातो, भंगार कुठे साठते, शेजारच्या गाळ्यात कोण आहे हे पाहा आणि विचारा. अतिरिक्त जागा नोंदणीत दाखवली आहे का ते बघा. लेखापालाशी बोला, कारण मालकाला धंदा माहीत असतो आणि नोंदी लेखापालाला. बोलणे झाले की त्याच दिवशी अर्ध्या पानाचे टिपण करा.

सावध: ऑडिट म्हणजे कलम ६७ ची तपासणी नव्हे. कपाटे उघडणे, संगणक ताब्यात घेणे, कागद जप्त करणे यांचा अधिकार कलम ६५ देत नाही. कागद मागा, प्रत घ्या, पोच द्या.

टप्पा ६: उलाढालीचा ताळमेळ

इथे रमतगमत काम करा. एक काल्पनिक पण नेहमीसारखे उदाहरण घेऊ. एकच नोंदणी असलेला कारखाना. नफा-तोटा पत्रकातले एकूण उत्पन्न ८,४०,००,००० रुपये, जीएसटी विवरणपत्रांतली उलाढाल ७,९२,००,००० रुपये. फरक ४८ लाख. घाईतला आक्षेप: ४८ लाखांवर १८ टक्के, म्हणजे ८,६४,००० रुपये कर.

आता ट्रायल बॅलन्स उघडा. फरक असा फुटतो:

बँक ठेवींवरचे व्याज ६,५०,०००. करमुक्त आहे, फक्त विवरणपत्रात दाखवायचे राहिले. कर नाही.

मार्चअखेर केलेल्या सेवेचे, बिल न काढलेले उत्पन्न ११,००,०००. बिल एप्रिलमध्ये, मुदतीत निघाले आणि पुढच्या वर्षाच्या ३बी मध्ये कर भरला. बिल आणि ३बी पाहून मुद्दा सोडा. बिल नुसते ‘दाखवतो’ म्हटलेले चालणार नाही, क्रमांक लिहून घ्या.

परकीय चलनाच्या दरातला फायदा २,५०,०००. पुरवठाच नाही.

पुरवठादारांकडून मिळालेली सूट १५,००,०००. हा आकडा लोकांना भुरळ घालतो. पण ही विक्री नव्हे, खरेदीत झालेली घट आहे. प्रश्न एवढाच की पुरवठादाराने क्रेडिट नोटमध्ये जीएसटी कमी केला होता का. केला असेल तर तेवढी आयटीसी परत करायला हवी होती. नुसती व्यापारी क्रेडिट नोट असेल आणि कर जसाच्या तसा राहिला असेल तर परतीचा प्रश्न येत नाही. आपल्या उदाहरणात सगळ्या नोटा व्यापारी आहेत.

लोखंडी भंगाराची विक्री ९,००,०००. ‘इतर उत्पन्न’ म्हणून नोंदली, करात नाही. १८ टक्क्यांनी १,६२,००० रुपये.

जुने यंत्र विकल्याचा नफा ४,००,०००. इथे थांबा. नफा-तोटा पत्रकात फक्त नफा येतो, कर मात्र नफ्यावर नसतो. स्थिर मालमत्तेची अनुसूची उघडली तर विक्रीची किंमत १४ लाख दिसते. त्या यंत्रावर आयटीसी घेतली होती, म्हणून कलम १८(६) लागते: विक्री किमतीवरचा कर, किंवा घेतलेल्या आयटीसीतून वापराच्या काळाची घट वजा जाता उरणारी रक्कम, यांतले जे जास्त ते. इथे विक्रीवरचा कर जास्त आहे असे धरा. १४ लाखांवर २,५२,००० रुपये.

बेरीज ४,१४,००० रुपये. घाईच्या आक्षेपातले पस्तीस लाख हवेत विरले, आणि तफावतीत न दिसणारे दहा लाख नव्याने सापडले. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत झाल्या, आणि त्या केवळ खातेनिहाय फोड केल्याने झाल्या.

तपासा: फोडीची बेरीज मूळ फरकाशी रुपयाला रुपया जुळते का? ‘इतर’ नावाची उरलेली रक्कम राहिली असेल तर काम संपलेले नाही.

टप्पा ७: आयटीसी आणि रिव्हर्स चार्ज

३बी आणि २बी यांची तुलना करताना समान गोष्टी समान गोष्टींशी लावा. आयातीवरचा आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी), इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटरकडून (कंपनीच्या आयटीसी वाटणाऱ्या कार्यालयाकडून) आलेली आयटीसी आणि रिव्हर्स चार्जची आयटीसी ३बी च्या तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत असते. नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या सेवेवरचा रिव्हर्स चार्ज तर २बी मध्ये येणारच नाही. तक्ता ४(ए) ही ढोबळ आयटीसी आहे, ४(बी) मधली परत केलेली आयटीसी वजा केल्यावर निव्वळ. ढोबळ आकड्यावर आक्षेप काढला की करदाता ४(बी) दाखवतो आणि विषय संपतो.

वर्ष कोणते यावर नियम बदलतो. २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी सर्क्युलर १८३/१५/२०२२ पाहा: एका पुरवठादाराकडचा फरक वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र, कमी असेल तर पुरवठादाराचे स्वतःचे. १ जानेवारी २०२२ पासून मात्र पुरवठादाराने बिल कळवलेले असणे ही कलम १६(२)(एए) खालची अटच झाली. जुन्या वर्षाला नवी अट लावणे आणि नव्या वर्षात जुनी सवलत देणे, दोन्ही चुका मी एकाच फाईलमध्ये पाहिल्या आहेत.

कलम १७(५) ची रोखलेली आयटीसी शोधायची जागा म्हणजे खर्चाची लेजर: वाहने, जेवणखाण, क्लबची वर्गणी, इमारतीचे काम. पुरवठादारांना १८० दिवसांत पैसे गेले का हे कोणाचे देणे किती दिवस थकले आहे याच्या यादीवरून दिसते.

रिव्हर्स चार्जमध्ये संचालकांना दिलेल्या रकमांवर घाई करू नका. ज्यावर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ खाली पगार म्हणून टीडीएस कापला ते वेतन, रिव्हर्स चार्ज नाही. १९४जे (व्यावसायिक शुल्क) खाली कापला असेल तर आहे. आणि दुकान-कार्यालयाचे भाडे: नोंदणी नसलेल्या मालकाला दिलेल्या व्यापारी भाड्यावरचा रिव्हर्स चार्ज १० ऑक्टोबर २०२४ पासूनचा आहे. २०२३-२४ च्या ऑडिटमध्ये तो काढणाऱ्याला तारीख वाचायला सांगावी लागते.

टप्पा ८: व्याज

दर १८ टक्के, पण कशावर, यात चूक होते. विवरणपत्र उशिरा भरले आणि पुरवठा त्यातच दाखवला असेल तर व्याज फक्त रोखीतून भरलेल्या करावर. पुरवठा त्या महिन्यात दाखवलाच नव्हता, जसे आपले भंगार, तर पूर्ण न भरलेल्या करावर. चुकीने घेतलेल्या आयटीसीवर व्याज ती वापरली गेली असेल तेव्हाच. क्रेडिट लेजरमधली शिल्लक चुकीच्या रकमेच्या खाली कधी गेली ते दिवसागणिक पाहावे लागते, आणि आयजीएसटीची आयटीसी असेल तर आयजीएसटी, सीजीएसटी आणि एसजीएसटी या तिन्ही खात्यांची एकत्र शिल्लक. हे काम कंटाळवाणे आहे, टाळू नका.

टप्पा ९: पॅरा लिहिणे आणि उत्तर ऐकणे

एका पॅऱ्यात एकच मुद्दा. काय आढळले, कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून, कोणती तरतूद, हिशोब, आणि करदात्याने तोंडी काय सांगितले.

असे नको: ‘करदात्याने इतर उत्पन्नावर कर भरलेला नाही, सबब कर व दंड वसूलपात्र.’

असे हवे: ‘भंगार विक्री लेजरनुसार वर्षात ९,००,००० रुपयांची विक्री आहे. ही विक्री संबंधित महिन्यांच्या जीएसटीआर-१ व ३बी मध्ये आढळत नाही. पत्ता व बिलवार यादी परिशिष्टात. कर १,६२,००० रुपये.’

नियम १०१ नुसार आढळलेल्या विसंगती करदात्याला कळवून त्याचे उत्तर घेता येते, आणि उत्तर विचारात घेऊनच निष्कर्ष कायम करायचे असतात. उत्तर ‘अमान्य’ एवढाच शेरा मारू नका. प्रत्येक मुद्द्याला का अमान्य ते दोन ओळींत लिहा. उत्तराने मुद्दा सुटत असेल तर सोडा आणि सोडल्याचे कारणही लिहा. सुटलेल्या मुद्द्यांची नोंद नसलेली फाईल पुढच्या तपासणीत सर्वांत जास्त त्रास देते.

कलम ७४ किंवा फसवणुकीची भाषा सवयीने वापरू नका. त्यासाठी फसवणूक, जाणूनबुजून चुकीची माहिती किंवा दडपणूक दाखवणारी वस्तुस्थिती लागते. चुकलेली नोंद म्हणजे दडपणूक असे आपोआप होत नाही.

टप्पा १०: एडीटी-०२ आणि पुढे

ऑडिट संपल्यापासून ३० दिवसांत निष्कर्ष, त्यांची कारणे आणि करदात्याचे हक्क व जबाबदाऱ्या एडीटी-०२ मध्ये कळवा. हा मागणीचा आदेश नव्हे, त्यावरून वसुली होत नाही. करदात्याला मान्य असेल तर तो डीआरसी-०३ (स्वेच्छेने कर भरण्याचा नमुना) ने भरतो. फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणात नोटिशीआधी कर आणि व्याज भरले तर दंड नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. अनेकांना ते माहीत नसते आणि तिथेच प्रकरण मिटते.

भरणा आला की चलन नुसते फाईलला लावू नका. वर्ष, कराचे शीर्ष आणि कारण बरोबर निवडले आहे का ते पाहा. आयजीएसटीचा कर सीजीएसटीत भरलेला मी महिन्याला एकदा तरी पाहतो.

उरलेले मुद्दे न्यायनिर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातात. सोबत परिशिष्टे, हिशोबाची मूळ एक्सेल फाईल, करदात्याची उत्तरे आणि कागद मिळाल्याची नोंदवही द्या. कलम ७५(७) मुळे नोटिशीत नसलेली रक्कम आणि नसलेले कारण आदेशात घालता येत नाही. तेव्हा पॅऱ्यातून गळलेला मुद्दा नोटिशीतही गळतो. फाईल देण्याआधी शेवटचे एकदा पहिले पान उघडा आणि तिथे लिहिलेली नोटिशीची तारीख लाल शाईने फाईलसोबतच्या पत्रात पुन्हा लिहा.